एआर-१५ रायफलचा बोल्ट अडीच हजार राऊंडलाच झिजला, कारण कसं शोधायचं?

ह्यूस्टनचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. टेक्सासमध्ये राहतो, शनिवारी रेंजवर जायचा छंद आहे. माझी एआर-१५ आहे, १६ इंची बॅरल, कार्बाइन लांबीची (म्हणजे आखूड) गॅस सिस्टीम, ५.५६ चेंबर (काडतूस बसतं ती जागा). काल साफ करताना बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) खिडकीजवळ उजेडात धरला तर लग (त्याच्या तोंडाभोवतीचे कुलपासारखे अडकणारे दात) चांदीसारखे चकचकीत झालेत आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) शेजारच्या लगचा कोपरा बारीकसा उडालाय, तांदळाच्या कणीएवढा. राऊंड झालेत जेमतेम अडीच हजार, आणि लोक तर आठ-दहा हजार सहज जातात म्हणतात. पुंगळ्या (रिकामी काडतुसं) पुढच्या बाजूला, घड्याळात १-२ वाजतात तिकडे फेकल्या जातात आणि त्यांच्या कडा वाकलेल्या असतात. स्टील खराब निघालं का? की गॅस रिंग (बोल्टवरच्या गॅस अडवणाऱ्या कड्या) गेल्यात? नवीन बोल्ट मागवू का सरळ?

लेथवाला_भोसरी
आधी एक, हा बोल्ट घालून आता एकही राऊंड मारू नका. टवका उडालाय म्हणजे कुठेतरी तडा असू शकतो.
दुसरं, चकचकीत दिसणं आणि झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरचा फॉस्फेटचा थर जाऊन लोखंड चमकायला लागणं हे प्रत्येक बोल्टला होतं, त्याची काळजी नको. नख फिरवून बघा, लगच्या मागच्या बाजूला, म्हणजे जी बाजू बॅरल एक्स्टेन्शनला (बॅरलच्या मागच्या, लग अडकतात त्या भागाला) टेकते तिथे कंगोरा लागतो का, धार दुमडली आहे का. मग डाय पेनिट्रंटचा (तडे दाखवणाऱ्या रंगाचा) डबा आणा. बोल्टवरचं तेल पूर्ण काढायचं, लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. आमच्याकडे वेल्डिंगचे जॉब रोज असेच तपासतात. लगच्या मुळाशी आणि कॅम पिनच्या (बोल्ट फिरवणाऱ्या पिनच्या) भोकापाशी नीट बघा, या बोल्टमध्ये सगळ्यात नाजूक जागा त्याच, भोकामुळे तिथे भिंत पातळ राहते.

निशाणी_पुणे
गॅस रिंग गेल्या तर उलटं होतं, गॅस गळतो आणि रायफल सुस्त चालते, पुंगळी जेमतेम बाहेर पडते. तुमची लक्षणं गॅस जास्त झाल्याची आहेत. तरी खात्री करायची तर बोल्ट पुढे ओढून कॅरिअर (बोल्ट ज्यात बसतो तो भाग) बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभा करा, स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंग बदला, नाही बसला तर ठीक.

डॅलसकर
हिशोब असा बघा. कार्बाइन गॅसचं पोर्ट (बॅरलमधून गॅस घ्यायचं भोक) ब्रीचपासून (बॅरलच्या मागच्या तोंडापासून) साधारण साडेसात इंचांवर, म्हणजे १६ इंची बॅरलमध्ये पोर्टच्या पुढे आठ-साडेआठ इंच उरतात. गोळी तेवढं अंतर जाईपर्यंत गॅस मागे ढकलतच राहतो, शिवाय पोर्ट चेंबरच्या जवळ असल्यामुळे तिथला दाबही जास्त. मूळ २० इंची रायफलला पोर्ट बरंच पुढे होतं, दाब उतरल्यावर गॅस मिळायचा. आता कॅरिअर लवकर मागे सुटला की कॅम पिन बोल्टला फिरवायला लागते आणि पुंगळी अजून फुगून चेंबरला चिकटलेली असते, म्हणजे लगवर भार असतानाच ते घासत फिरतात, एक्स्ट्रॅक्टर चिकटलेली पुंगळी ओढतो म्हणून कडा वाकतात. आठ जागांपैकी एक एक्स्ट्रॅक्टरने खाल्लेली, त्यामुळे शेजारच्या लगवर ताण जास्त, आणि पहिला टवका बहुतेक वेळा तिथलाच उडतो. स्टीलला शिव्या द्यायच्या आधी हे बघा.
आणि एक विचारतो, सायलेन्सर लावता का? प्रश्नात लिहिलेलं नाही.

ह्यूस्टनचा_पाहुणा
हो!! गेल्या दिवाळीपासून लावतो, अर्ध्याहून जास्त राऊंड त्यावरच झालेत. मला वाटलं याचा बोल्टशी काय संबंध म्हणून लिहिलंच नाही. आता आठवतंय, डोळ्यांत गॅस यायला लागला तो तेव्हापासूनच.

डॅलसकर
मग सापडलं. सायलेन्सर दाब अडवून धरतो, गॅस जास्त मागे येतो, बोल्ट आणखी जोरात आणि आणखी लवकर सुटतो.

आर्मरर_सातारा
मी ईएमई (लष्कराचं दुरुस्ती दल) मधून रिटायर्ड, आयुष्य ७.६२ च्या एसएलआरवर (लष्कराची जुनी रायफल) गेलं. आमच्या त्या रायफलला गॅस रेग्युलेटर असायचा, फिरवून कमीजास्त करायचा. पद्धत अशी की आधी गॅस सगळा बाहेर सोडायचा, मॅगझिनमध्ये एकच राऊंड भरून फायर, पुंगळी नीट बाहेर फेकली गेली नाही तर गॅस बाहेर जायची वाट एक घर बंद, पुन्हा फायर, असं करत जिथे नीट चालायला लागली तिथून आणखी दोन घरं. बस. पण जवानाला वाटायचं गॅस जास्त तर रायफल अडकणार नाही, म्हणून पोरं ती वाट पूर्ण बंद करून ठेवायची आणि मग माझ्या टेबलावर फुटलेले एक्स्ट्रॅक्टर यायचे. कितीतरी वेळा नवा भाग घालून दिला आणि महिन्यात परत आला, कारण रेग्युलेटर कोणी बघितलाच नव्हता. तेव्हा बोल्ट जरूर बदला बाळा, पण तेवढ्यावर थांबलास तर दुसराही जाईल. तुझ्या रायफलला रेग्युलेटर नसेल तर अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक (गॅस कमीजास्त करता येतो असा) येतो, तो बसव. आणि नवा बोल्ट घातलास की हेडस्पेस (बोल्ट आणि चेंबरमधलं अंतर) गेजने तपासून घे, गो वर बंद झाला पाहिजे, नो-गो वर नाही. माप न बघता दुसऱ्या बॅरलला बोल्ट लावणाऱ्याला आमच्याकडे सुभेदार साहेब उभा करून बोलायचे.

लेथवाला_भोसरी
काकांशी शंभर टक्के सहमत. नवीन बोल्टला मार्किंग ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून बंद करून उघडा, सातही लगवर रंग सारखा पुसला गेला पाहिजे. दोनच लगवर पुसला तर तेच दोघं सगळा भार घेतायत, ते आधी मरणार. आणि तेल लावता ना? लग कोरडे चालवू नका.

ह्यूस्टनचा_पाहुणा
अपडेट देतो. डाय मारला तर टवक्याच्या खालच्या लगच्या मुळाशी लाल रेघ आली, बघून हात गार पडले, कारण मी गेल्याच आठवड्यात मुलाला ही रायफल चालवायला दिली होती. बोल्ट कापून टाकला म्हणजे चुकून कोणी घालणार नाही. गनस्मिथकडे नवीन बोल्ट गो-नो-गो ने तपासून घेतला, ब्लूचा रंग पाच लगवर चांगला आणि दोनवर जरा फिकट आला, तो म्हणाला चालेल. कार्बाइनचा ३ औंसचा बफर (कॅरिअरमागचं वजन) काढून एच-२ (जास्त जड बफर) लावला आणि अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक बसवला. काकांच्या पद्धतीने सायलेन्सर लावून एकेक राऊंड भरत गॅस वाढवत गेलो, सहाव्या राऊंडला मॅगझिन रिकामं झाल्यावर बोल्ट मागे अडकला म्हणजे गॅस पुरेसा झाला, वर दोन क्लिक ठेवल्या. आता पुंगळ्या ४ च्या बाजूला ढिगाने पडतायत आणि कडा सरळ आहेत. काका, नमस्कार करतो इथूनच.

आर्मरर_सातारा
मुलगा सुखरूप आहे ना, मग झालं. पाचशे राऊंडनंतर पुन्हा डाय मार आणि इथे फोटो टाक.