मदत हवी आहे: फॉइलचा स्क्रू अडकलाय, बदली स्क्रू कोल्हापुरात कुठे मिळतील?

वारं_सुटलंय | बुधवार, रात्री ९:४०

शनिवारी पहाटे तारकर्लीला निघायचंय आणि फॉइल (बोर्डाखालचा, बोर्डाला पाण्याच्या वर उचलणारा विंगांचा सांगाडा) अजून सुटत नाहीये. पुढच्या विंगचे दोन स्क्रू निघाले, तिसरा जागचा हलत नाही. एलन की (षट्कोनी किल्ली) आतल्या आत फिरते. निघालेल्या दोघांची डोकीही गेल्यातच जमा आहेत, त्यामुळे तिन्ही नवीन लागणार. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात "बोर्डाचे स्क्रू" म्हटलं तर प्लायवूडचे काढून समोर ठेवले. ऑनलाइन मागवलेला सेट आज आला, तोही बसत नाही. अडकलेला कसा काढायचा आणि नवीन कुठे मिळतील? लवकर सांगा, हाताशी दोनच दिवस आहेत.

लेथवाला | बुधवार, रात्री ९:५८

साईज काय? एम-६ का एम-८, म्हणजे ६ मिमी जाडीचा का ८? लांबी किती? डोकं खाचेत बसणारं चपटं सीएसके का वर राहणारं उभं कॅप हेड? ज्यात स्क्रू अडकलाय तो भाग ॲल्युमिनियमचा का आणखी कशाचा? यातलं एकही लिहिलेलं नाही. उद्यमनगरात काय मिळत नाही असं नाही, पण दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच येणार. निघालेला स्क्रू खिशात टाकून घेऊन जा.

नवखा_फॉइलर | बुधवार, रात्री १०:०५

फॉइल बोर्ड म्हणजे पाण्याच्या वर उचलला जातो तोच ना? कोल्हापुरात कुणी करतं हेच माहीत नव्हतं. रंकाळ्यात चालवायला परवानगी असते का?

पाणकोंबडी | बुधवार, रात्री १०:२०

दादा, फोटो टाका. विंग कार्बनची आहे का, फ्युजलाज (विंगा जोडणारा मधला दांडा) ॲल्युमिनियमचं आहे का, आणि शेवटचं कधी सोडलं होतं? यावर सगळं अवलंबून आहे.

बोर्डाच्या खालच्या ट्रॅकचंही सांगून ठेवते. बहुतेक बोर्डांना ९० मिमी अंतरावर दोन समांतर ट्रॅक असतात, त्यात टी-नट (ट्रॅकमध्ये बसणारे नट) सरकवून मास्टची, म्हणजे फॉइलच्या उभ्या खांबाची, प्लेट चार स्क्रूंनी आवळायची. काहींना एम-८ लागतात, काहींना एम-६. टी-नट पितळी किंवा स्टीलचे घ्या आणि एक जोडी जादा जवळ ठेवा, कारण वाळूत पडला की सापडत नाही. स्क्रू लांब झाला तर तो ट्रॅकच्या तळाला टेकतो. वरून घट्ट लागल्यासारखं वाटतं, पण प्लेट आवळलेलीच नसते आणि जोर लावला की ट्रॅक फाटतो. बोर्ड दुरुस्त करण्यापेक्षा स्क्रू मोजणं स्वस्त पडतं.

वारं_सुटलंय | बुधवार, रात्री १०:४१

ताई, ट्रॅकचं काही विचारलं नव्हतं, तिथलं सगळं नीट आहे. अडचण विंग आणि फ्युजलाजच्या जोडावर आहे. विंग कार्बनची, फ्युजलाज ॲल्युमिनियमचं. मागच्या वेळी देवबागला गेलो तेव्हापासून जोडलेलंच आहे. फोटो जोडतोय. स्क्रूची लांबी २५ मिमी, डोकं चपटं. रंकाळ्याचं महापालिकेत विचारा, त्यासाठी वेगळा धागा काढा.

लेथवाला | बुधवार, रात्री १०:५५

२५ मोजलेत ते डोक्यासकट का डोकं सोडून? सीएसकेची लांबी डोक्यासकट धरतात, कॅप हेडची डोकं सोडून. इथं चूक झाली की दुकानदार तुम्हाला तीन-चार मिमीने वेगळा स्क्रू देतो.

आणि फोटो मोठा करून बघा. डोक्यातलं भोक षट्कोनी नाही, सहा पाकळ्यांच्या फुलासारखं आहे. तो टॉर्क्स आहे. एम-६ सीएसकेला बहुतेक टी-३० मापाचा बिट लागतो. ४ ची एलन की त्यात उतरते, पण धरत नाही, कडा खरवडते. चांगल्या कंपनीचा टी-३० बिट आणा. बिटच्या टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावा, ती खरखरीत असते, उरलेल्या कडांना पकड येते. बिट सरळ उभा धरून डोक्यावर हातोडीची हलकी थाप द्या, मग फिरवा.

देवबागकर | बुधवार, रात्री ११:१५

मीठ सुकला की असाच होता. बोर्ड पाण्याभायर काढलो की पयलो स्क्रू सैल करूचो, मगे जेवूक जावचा. आमच्याकडे पोरांका ह्याच सांगतंव. गोड्या पाण्यान धुवक व्हया, नुसता फडक्यान पुसून भागना नाय.

निवृत्त_फाउंड्रीवाला | गुरुवार, सकाळी ६:३०

फोटोत डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसते आहे ना, ते नुसतं मीठ नाही, ॲल्युमिनियम खाल्लं गेल्याची खूण आहे. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे एक बॅटरीच तयार झाली. त्यात झिजतं ॲल्युमिनियम. झिजून जे तयार होतं त्याला मूळ धातूपेक्षा जागा जास्त लागते, ते आट्यांमध्ये फुगून बसतं आणि स्क्रू जाम होतो. इथं वर कार्बनची विंगही आहे. कार्बनसुद्धा या खेळात स्टेनलेसच्याच बाजूचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर दोन्हीकडून मार.

तळ्याच्या गोड्या पाण्यात हे फार सावकाश होतं. कळंब्याला वर्षभर चालवलेलं फॉइल सुटेल, पण देवबागच्या खाडीत भिजवून महिनाभर बंद पिशवीत ठेवलेलं सुटेलच असं नाही.

नवीन घेताना डोक्यावरचा शिक्का वाचा. ए२ म्हणजे ३०४, ए४ म्हणजे ३१६. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याला खड्डे कमी पडतात. ए४-७० मधला ७० म्हणजे ७०० मेगापास्कल ताणशक्ती. दुकानदार लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे ३१६" म्हणाला तर मानू नका. ३०४ ही बहुतेक वेळा चिकटत नाही. शिक्का नसेल तर घेऊ नका.

मंगळवारपेठ | गुरुवार, सकाळी ८:१०

भावा, एवढं कशाला डोकं लावतोस? गॅसची फुंकणी मार दोन मिनिटं, लाल झालं की पान्यानं आपोआप निघतंय. ट्रॅक्टरचे असलेच काढतोय की आम्ही. आणि परत बसवताना कॉपर ग्रीस चोपड, आयुष्यभर जाम होणार नाही.

पाणकोंबडी | गुरुवार, सकाळी ८:२५

दादा, कृपा करून फुंकणी लावू नका! विंग कार्बन आणि इपॉक्सीची आहे. इपॉक्सी शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागते आणि आतले थर सुटतात. वरून काही दिसणार नाही, पण पाण्यात जोर आला की विंग तुटेल. ऊब द्यायचीच तर सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त स्क्रूच्या डोक्यात धरा.

आणि कॉपर ग्रीस अजिबात नको. तांबंही ॲल्युमिनियमला खातं. ट्रॅक्टर समुद्रात जात नाही, तिथं ते चालतं. ग्रॅफाइट ग्रीसचंही तेच. टेफ्लॉनची पेस्ट लावा, टेफ-जेल नावाने बाहेर मिळते, छोटी नळी पुष्कळ दिवस पुरते. ती नसेल तर लॅनोलिनचं ग्रीस.

मंगळवारपेठ | गुरुवार, सकाळी ८:३२

ताई, कॉपर ग्रीस सगळी दुनिया वापरते. माझा अनुभव आहे.

निवृत्त_फाउंड्रीवाला | गुरुवार, सकाळी ८:५०

अनुभव लोखंडात लोखंडी बोल्टचा आहे. ब्रेकला, सायलेन्सरला ते उत्तमच. ॲल्युमिनियम आणि मीठ आलं की गणित बदलतं. ताई बरोबर सांगत आहेत.

वारं_सुटलंय | गुरुवार, सकाळी ९:०५

ग्रीसचं नंतर बघू. आधी निघेल कसा? टी-३० आणला, पेस्टही लावली, तरी घसरतोय. आणि ऑनलाइन सेट का बसत नाही? एखादा आटा आत जातो आणि अडतो. डोकंही खाचेत नीट टेकत नाही, कडेनं फट राहते. विकणाऱ्याला फोन केला तर "सगळ्या बोर्डांना चालतो" एवढंच म्हणतो.

लेथवाला | गुरुवार, सकाळी ९:२०

सेटमधल्या स्क्रूला बाहेरून व्हर्निअर लावा. ५.९ च्या आसपास आला तर एम-६. ६.३ आला तर तो पाव इंची आहे. एम-६ चा पिच (दोन आट्यांतलं अंतर) १ मिमी, पाव इंचीला इंचात २० आटे, म्हणजे १.२७ मिमी. जबरदस्तीनं फिरवलात तर फ्युजलाजचे आटे जातील. डोक्याचा कोनही वेगळा. मेट्रिक सीएसके ९० अंशांचा, इंची ८२ चा. तो ९० च्या खाचेत एका रिंगेवरच टेकतो. सगळा दाब त्या रिंगेवर येतो आणि कार्बन तिथंच चिरडतो.

अडकलेल्याचं सांगतो. डोकं ड्रिल करून उडवा. स्टेनलेसला कोबाल्ट ड्रिल, फेरे कमी, दाब जास्त, कटिंग ऑइल सोडत राहा. वेगानं नुसतं घासलंत तर वरचा थर कडक होतो, मग ड्रिलच बोथट होतं. आधी मधोमध सेंटर पंच. डोकं सुटलं की विंग वर उचलून निघेल, दुसरे दोन स्क्रू काढलेलेच आहेत. मग फ्युजलाजमधून वर आलेला खुंट ग्रिप प्लायरमध्ये धरून फिरवा. डोक्याचा ताण गेलेला असतो, पुष्कळदा तेवढ्यानंच येतो. विंग बाजूला झाल्यावर फ्युजलाज गरम करायलाही मोकळीक. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, भोक सैल होतं. इझी आऊट, म्हणजे तुटका स्क्रू उलटं फिरवून काढायचं हत्यार, अगदी शेवटी. ते आत तुटलं तर ड्रिलही लागत नाही, इतकं कडक असतं.

सायकलवाली_राजारामपुरी | गुरुवार, सकाळी १०:४०

टायटॅनियमचे घ्या ना. माझ्या सायकलला लावलेत, गंज हा विषयच संपला. वजनही निम्म्याच्या जवळपास होतं.

निवृत्त_फाउंड्रीवाला | गुरुवार, सकाळी ११:००

टायटॅनियम स्वतः गंजत नाही हे खरं. पण ॲल्युमिनियमला ते स्टेनलेसइतकंच परकं. स्क्रू चकाचक राहील आणि फ्युजलाज झिजेल. पेस्ट आणि धुणं त्यालाही लागणारच. जास्त पैसे देऊन मूळ रोग तसाच राहतो.

सायकलवाली_राजारामपुरी | गुरुवार, सकाळी ११:१२

पण काका, डोकी खराब होणं तरी कमी होईल ना?

लेथवाला | गुरुवार, सकाळी ११:३०

डोकी खराब होतात ती बिटमुळे. पाच-दहा रुपयांचा बिट वापरून महागातला स्क्रू घालवणारे रोज बघतो.

मंगळवारपेठ | गुरुवार, दुपारी १:१५

अवांतर: शनिवारी जाणार असशील तर दाजीपूरवरून फोंडा घाटानं जा. गगनबावडा, करूळ घाटाची वाट आधी कुणाला तरी विचारून घे.

देवबागकर | गुरुवार, दुपारी १:३०

करूळ सुरू आसा काय नाय ता सकाळीच विचारा, रात्रीच्या बातमेवर इसवास ठेवू नको.

वारं_सुटलंय | गुरुवार, रात्री १०:१०

निघाला! लेथवाला दादांनी सांगितल्याप्रमाणे डोकं उडवलं, विंग सरळ वर आली. खुंट सुरुवातीला हलला नाही, फ्युजलाज गरम पाण्यात धरलं, मग ग्रिप प्लायरनं कुरकुर करत आला. खालच्या अर्ध्या भागात आट्यांमध्ये पांढरं खडूसारखं भरलेलं होतं. ऑनलाइन सेट मोजला, ६.३ आला.

उद्यमनगरात एम-६ सीएसके, २५ लांबीचे मिळाले, पण एलनचे आणि ए२-७०. ए४ मागवून देतो म्हणाला, आठवडा लागेल. शनिवारपुरते ए२ चालतील का? आणि आटे नीट आहेत हे कसं ओळखू?

निवृत्त_फाउंड्रीवाला | गुरुवार, रात्री १०:३०

ए२ बेलाशक वापरा, ताकद तीच आहे. फक्त संध्याकाळी काढून गोड्या पाण्यात बुडवायचे आणि परत आल्यावर ए४ घालायचे. काळे हाय टेन्साइल एलन मात्र घेऊ नका, ते एका रात्रीत तांबडे होतात.

लेथवाला | गुरुवार, रात्री १०:४५

एम-६ बाय १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं हलकेच फिरवून घ्या, नुसती भुकटी काढायला. धातू कापायचा नाही. अडला की अर्धा फेरा मागे. मग स्क्रू पेस्टशिवाय बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. ॲल्युमिनियममध्ये निदान दीडपट व्यास आटे धरायला हवेत, म्हणजे एम-६ ला ९ मिमी. विंगची जाडी वजा करून मोजा. वरचे आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून देतो, तासाभराचं काम. पण शनिवारच्या आधी धरायचं असेल तर उद्या सकाळीच या.

लक्षात ठेवा, एम-६ सीएसके एलनला ४ ची की लागते. पाच बत्तीसांश इंचाचीही त्यात जाते, ती वापरू नका. आवळताना ड्रिल मशीन लावू नका, हातानंच.

मंगळवारपेठ | गुरुवार, रात्री ११:००

निळं लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद) लाव, पाण्यात सैल होणार नाही.

पाणकोंबडी | गुरुवार, रात्री ११:१०

पेस्ट आणि लॉकटाइट एकत्र चालत नाही, दोन्हींतलं एकच निवडा. रोज सोडणार असाल तर पेस्ट. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनी किनाऱ्यावर येऊन एकदा आवळून बघा, नवीन स्क्रू बसताना थोडा सैल पडतो. विंग हातानं हलवली आणि टकटक जाणवलं तर परत पाण्यात जाऊ नका. सैल जोडावर जोर आला की भोक लांबट होतं, मग कुठलाही स्क्रू आणा, उपयोग नाही.

वारं_सुटलंय | शुक्रवार, दुपारी १२:२०

आटे वरचे दोन गेलेत, खालचे चांगले आहेत. धरायला ११ मिमी मिळतायत, म्हणून हेलिकॉइल आत्ता नको. तिन्ही स्क्रू बोटांनी तळापर्यंत गेले. टेफ-जेल पुण्याहून येणाऱ्या मित्राला आणायला सांगितलंय, तोवर लॅनोलिन. ए४ चे दहा नग मागवलेत, टॉर्क्सचेच, बिटही वेगळा ठेवलाय. कुणाला हवे असतील तर सोमवारच्या आत इथंच सांगा, एकत्र मागवू.

नवखा_फॉइलर | शुक्रवार, दुपारी १२:५५

मला मागच्या छोट्या विंगचे हवेत, ते एम-५ वाटतायत. त्यांना कुठला बिट लागतो?

लेथवाला | शुक्रवार, दुपारी १:०२

टॉर्क्स असेल तर टी-२५, एलन असेल तर ३ ची. पण आधी व्हर्निअर लावा आणि फोटो टाका.