आबाजींची एफसी 150 बाहेर काढली, इंजिन जाम, पोळ्यापर्यंत चालू होईल का?

पैनगंगाकाठ

राम राम मंडळी. गाव पांढरकवड्याच्या खाली, पैनगंगेला लागून. आमच्या आबाजींची महिंद्रा एफसी 150 आहे, पेट्रोल, फोर व्हील, तीच ती बिननाकाची, जिच्यात ड्रायव्हर इंजिनच्या मांडीला मांडी लावून बसतो आणि मे महिन्यात उजव्या पायाचा पापड होतो. आबाजी 2011 ला गेले, तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी. वाटणीत मोठ्या बाबांकडे ट्रॅक्टर गेला आणि आमच्याकडे ही, त्यावरून आई अजून बोलते.

या गाडीनं एकाधिकार खरेदीच्या काळात, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावरच विकायचा तेव्हा, आबाजींनी कापूस वाहिला. केंद्रावर दोन दोन दिवस नंबर लागायचा नाही, मग गाडीखालीच झोपायचे. काही कापूस रात्री नदीतून पलीकडे आदिलाबादकडेही गेला असं गावात म्हणतात, घरी कोणी विचारत नाही. फोर व्हील कशासाठी घेतली होती याचा अंदाज मात्र येतो.

आता हालत सांगतो. चारही टायर बसलेले, त्यात पुढचे दोन ट्रॅक्टरचे आहेत, तीन रेघांचे, कोणी आणि कधी लावले माहीत नाही. ब्रेकचा पेडल सरळ फ्लोअरला. टाकीतलं पेट्रोल चहाच्या रंगाचं आणि वास वॉर्निशचा. शेडच्या टिनाला नेमकं गाडीवर भोक, पाणी किती गेलं देव जाणे. इंजिनवरचं झाकण उघडलं तर उंदरांनी सरकी आणि कापसाची अख्खी गादी घातलेली, एअर फिल्टर पण भरलेला. क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून दोघांनी जोर मारला, जराही हललं नाही.

चुलतभाऊ म्हणतो ट्रॅक्टर लावून दुसऱ्या गिअरमध्ये ओढू, आपोआप सुटते. गावातला मिस्त्री म्हणतो हे पेट्रोल इंजिन भंगारात दे, इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवून देतो. आणि कागद अजून आबाजींच्या नावानं आहेत, जुना तीन अक्षरांचा नंबर, एमएच सिरीज यायच्या आधीचा. खर्चाला माझ्याकडे 80 हजार आहेत, त्याच्या वर घरात भांडण होईल. मृग लागला, पेरण्या उरकल्या की हात मोकळा. पोळ्याला ही गाडी बैलांच्या मागे गावातून न्यायची एवढीच इच्छा आहे. होईल का?

वणीचा_जुना_मिस्त्री

सगळ्यात पहिले ट्रॅक्टरची गोष्ट डोक्यातून काढून टाक भाऊ. जाम इंजिन ओढलं तर रिंगा तुटते, पिस्टनचा कडा जाते, कनेक्टिंग रॉड वाकला तर ब्लॉकलेच भोक पडन, मंग मिस्त्री काय अन् देव काय. मी अशा दोन जीपा पाह्यल्या आहेत, दोन्ही ओढूनच मेल्या.

हे इंजिन जीपचंच हरिकेन आहे, 134 क्युबिक इंच म्हणजे 2.2 लिटर, चार सिलिंडर. त्याची एक गंमत आहे जे आजकालच्या पोरांले माहीत नसते. इनटेक वाल्व वर हेडमध्ये अन् एक्झॉस्ट वाल्व खाली ब्लॉकमध्ये, बाजूले. म्हणून सायलेन्सरमधून ओल आली का एक्झॉस्टचे वाल्व गाईडमध्ये जाम होते, अन् हेड खोलून बसला तरी त्याचे टॅपेट दिसत नाही, ते बाजूच्या पत्र्याच्या झाकणामागे रायते. तुह्या गाडीत तर सीटच्या बाजूचा अर्धा संसार काढल्याशिवाय तिथं हात जाणार नाही.

चारही प्लग काढ. प्रत्येक भोकात अर्धी वाटी घासलेट अन् इंजिन ऑइल निम्मंनिम्मं टाक, अन् आठ दिवस इंजिनले हात लावजो नको. रोज संध्याकाळी थोडं थोडं टाकत राह्यजो, ज्या सिलिंडरचं लवकर उतरते तिथल्या रिंगा सुट्या आहेत समज. मंग पुलीवर पाना लावून इकडे थोडा तिकडे थोडा, एका अंगानं जोर नाही मारायचा. पाव फेरा जरी हलला तरी जिंकलो. प्लग लावायच्या आधी ते सगळं घासलेट बाहेर फेकून घेजो, अन् खालचं ऑइल पूर्ण काढजो, कारण घासलेट रिंगातून उतरून खाली जमा होते, तसंच चालू केलं तर बेअरिंग गेले. पंधरा दिवसांत नाही हललं तर हेड खोलावं लागन, तव्हाची तव्हा पाहू.

बाकी सेटिंग लिहून ठेव, टॅपेटची फट थंड इंजिनवर इनटेक 18 थाऊ, एक्झॉस्ट 16 थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पॉइंटची फट 20, प्लगची 30. फायरिंग 1-3-4-2. डेल्कोचं (प्लगले करंट वाटते तो) कॉन्डेन्सर नवीनच टाकजो, जुन्यावर भरोसा नाही, अन् नवीन घेतलेलंही कधी कधी डब्यातूनच मेलेलं निघते म्हणून दोन घे.

पण इंजिन चालू कराच्या आधी ब्रेक. हे मी सगळ्याले सांगतो अन् कोणीच ऐकत नाही. ह्या गाडीत ब्रेकचं ऑइल एकाच लाईननं चारही चाकाले जाते, एक पाईप फुटला का चारही चाकं मोकळी. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होस, सगळं नवीन किंवा किट टाकून. अन् हँडब्रेकवर भरोसा ठेवजो नको, तो चाकावर नसतेच, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकाले ताकद वाटते तो डबा) मागच्या शाफ्टवर एक लहान ड्रम रायते त्याच्यावर असते. मागचा शाफ्ट काढला तर हँडब्रेक गेला.

काळीकसदार

येवढे कुटाणे कायले? मिस्त्री बरोबर सांगून राह्यला तुमचा. बी 275 ट्रॅक्टरचं इंजिन बसवा, नागपुरात महिंद्राच्या ट्रॅक्टरचा कारखाना आहे, पार्ट गावोगावी मिळतात, लिटरला दुप्पट चालते. महिंद्राने स्वतः जीपमध्ये ते इंजिन दिलंच होतं ना. पेट्रोलची एफसी लिटरला सहा सात देईल, पोळ्यापर्यंत चालू झाली तरी दिवाळीपर्यंत परत शेडमध्येच जाईल बघा.

नागपूर_जीपवाला

काळीकसदार भाऊंचं गणित पैशाच्या हिशोबानं चूक नाही. माझी स्वतःची सीजे 3बी जीप आहे आणि पेट्रोलच्या पंपावर दर वेळी मलाही हाच विचार येतो. पण एफसीत एक अडचण आहे. ही गाडी आधीच पुढे जड, इंजिन आणि माणसं सगळी पुढच्या अ‍ॅक्सलवर, व्हीलबेस फक्त 81 इंच. रिकाम्या गाडीचा ब्रेक जोरात मारला की मागचा भाग हलका पडतो, मूळ गाडी काढणाऱ्या अमेरिकेतल्या विलीज कंपनीनं तर मागच्या अ‍ॅक्सलच्या वर लोखंडाचं वजनच टाकलं होतं या कारणासाठी. त्यात ट्रॅक्टरचं बीडाचं इंजिन पुढे बसवलं तर ओल्या रस्त्यावर काय होईल विचार करा. शिवाय इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, बसवल्यावर नाही. आणि या गाड्या आता दिसतात कुठे? अमेरिकेत 1965 ला बंद झाली, आपल्याकडे महिंद्रानं त्याच सुमारास सुरू केली, आणि बहुतेक ऊस, कापूस, तेंदूपत्ता वाहून वाहून भंगारात गेल्या. ज्या राहिल्या त्यातल्या पेट्रोल इंजिन जागेवर असलेल्या फार थोड्या. मी तरी काढणार नाही.

कागदांचं सांगतो, कारण यात लोक फसतात. पहिले आरसी काढून बघा, गाडी खाजगी नोंदलीय की मालवाहू. सगळं त्याच्यावर आहे. आबाजींच्या नावावरून तुमच्या नावावर घ्यायला फॉर्म 31 लागतो, फॉर्म 30 नाही, तो विक्रीचा आहे, एजंट घाईत 30 भरून घेतात आणि तीन महिन्यांनी फाईल परत येते. मृत्यू दाखला, वारसाचा कागद, आणि मोठे बाबा व बाकी वारसांचं नाहरकत, ते वाटणीचं भांडण मिटलेलं असेल तेव्हाच सही घ्या. खाजगी असेल तर 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि 2025 च्या ऑगस्टपासून 20 वर्षांवरच्या चारचाकीची ती फी 10 हजार झालीय, तुमच्या 80 मधून बाजूला काढून ठेवा. मालवाहू असेल तर फिटनेसचा वेगळा खेळ.

विंटेज नोंदणी करा असं कोणी ना कोणी सुचवेलच. 2021 चा नियम आहे, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, खाजगी, आणि मूळ रूपात बदल न केलेली गाडी हवी, नव्या नोंदणीला 20 हजार, दहा वर्षं चालते. पण त्या नंबरवर रोज शेतात जाता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरायला जाणं एवढंच. तुम्हाला खत आणायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. डिझेल टाकलं तर तो रस्ताही बंद.

टाकीबद्दल वणीच्या मिस्त्री काकांनी लिहिलं नाही म्हणून लिहितो. टाकी काढा, आत मूठभर नट आणि सायकलची जुनी चेन टाकून हलवा, धुवा, वाळवा. भोक असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नको, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट उडते. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि सगळे पाईप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवू नका. पार्ट नागपुरात नाही मिळाले तर दिल्लीचं मायापुरी किंवा हरियाणातली मंडी डबवाली, तिकडे जीपचा धंदाच आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस जीपचंच आहे त्यामुळे अडत नाही, काचा आणि केबिनचा पत्रा मात्र मिळणार नाही, ते जपा.

आणि ते ट्रॅक्टरचे टायर आधी काढा. शेतात ठीक, डांबरावर पाऊस असेल तर स्टिअरिंग फिरवाल आणि गाडी सरळच जाईल.

पैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार, डिझेलचा विषय आईनंच संपवला, म्हणे बाबाजीचं आहे तसं ठेव. (सासऱ्याला ती बाबाजी म्हणायची.) आरसी सापडली, पोथीच्या कपाटात होती, खाजगी आहे.

अकराव्या दिवशी इंजिन हललं! तीन नंबरमध्ये ऑइल दहा दिवस जसंच्या तसं उभं होतं, बहुतेक तोच जाम होता. आधी केसभर, मग एकदम कर्र आवाज आला, मला वाटलं काही तुटलं, पण नंतर पूर्ण फेरा फिरलं. चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन तयारच उभा होता, त्याला चहा पाजून पाठवलं.

पण एक गोंधळ झाला. टायर काढायला उजवी बाजू सहज निघाली. डावीकडचे नट इतके गच्च की आम्ही पान्याला चार फुटाचा पाईप लावला आणि दोन स्टड मोडले. बाकीचे पण तसेच आहेत. गॅसनं कापू का?

वणीचा_जुना_मिस्त्री

माय वो! कापू नको, थांब. डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत. जुन्या विलीज महिंद्राले डावीकडे उलट्या आट्याचे नट रायते, चाक फिरताना सुटू नये म्हणून. तुमी सोडून नाही राह्यले, कसून राह्यले! घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरव, आधी थोडं ऑइल टाक. स्टडच्या टोकावर एल कोरलेला असन तर पाह्य. अन् नवीन स्टड घेताना दुकानदाराले सांगजो उलट्या आट्याचे पायजे, नाहीतर तो देईन सुलटे अन् नट बसणार नाही.

पैनगंगाकाठ

सुटले काका, लोण्यासारखे. अर्धा दिवस चुकीच्या बाजूनं जोर मारत होतो, गावात कोणाला सांगू नका. आता मागचा डावा ड्रम निघत नाहीये, घन मारू का?

वणीचा_जुना_मिस्त्री

घन ठेव घरी. ड्रम बीडाचा आहे, फुटला तर कुठून आणशीन. लायनर गंजून चिकटले असन, मागून अ‍ॅडजस्टर पूर्ण ढिले कर, कडेले लाकडाचा ठोकळा लावून चारी बाजूनं हळूहळू ठोक, रात्रभर डिझेल मुरू दे. अन् दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूले गेला का ध्यानात ठेवजो, तिकडचे आटे सुलटे आहेत.