मदत हवी आहे: रोज घरून ये-जा करून कॉलेजात मैत्रिणी कशा करायच्या?

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार. सरळ विचारते. पहिलं सेमिस्टर संपलं, दुसरं सुरू आहे आणि जिला मैत्रीण म्हणावं अशी एकही मुलगी कॉलेजात नाही. बोलतात सगळ्या. नोट्स देतात, घेतात. पण लेक्चर संपलं की त्या कॅन्टीनला आणि मी स्टेशनला. वाढदिवस, सिनेमा, फेस्टची तयारी सगळं संध्याकाळी असतं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो येतात. सुरुवातीला मलाही विचारायच्या. मी दर वेळी नाही म्हणायचे, मग विचारणं बंद झालं. त्यात अर्ध्या वर्गाची मैत्री अकरावीपासूनची, इनहाऊस, म्हणजे याच कॉलेजात अकरावी-बारावी केलेल्या.

मी लाजाळू नाही, त्यामुळे "मोकळेपणाने बोल" हा सल्ला नको. ज्यांनी लांबून ये-जा करून डिग्री घेतली त्यांनी मैत्री नेमकी कुठे आणि किती वाजता केली ते सांगा. शुक्रवारपर्यंत बॅच निवडून द्यायची आहे, म्हणून घाई आहे.

कोरडी_विहीर

कुठून कुठे प्रवास? कोणती शाखा? आणि बॅच कसली? काहीच लिहिलं नाहीस, उत्तर कसं देणार?

तिसरी_घंटा

नाट्यमंडळात जा. दुसरा उपाय नाही. एकांकिकेच्या तालमीत माणूस जितका जवळ येतो तितका कुठेच येत नाही. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, त्यात भेटलेले लोक म्हातारपणी अजून एकमेकांच्या घरी जातात. अभिनय येत नसेल तर बॅकस्टेजला उभी राहा. नेपथ्य उचलणाऱ्यांची मैत्री नटांपेक्षा पक्की असते, हे मी अनुभवाने सांगतो.

निळीशाई

आसनगाव (कसारा लाइन, कल्याणच्या बरंच पुढे) ते माटुंगा, लोकलने. एफवायबीएससी, म्हणजे पहिलं वर्ष. तिसरी_घंटा, तालीम किती वाजता संपते?

तिसरी_घंटा

स्पर्धा जवळ आली की रात्रीचे दहा. कधी अकरा.

कसारा_स्लो

मग तिला घरी पोहोचायला पहाट होईल. सल्ला देण्याआधी नकाशा बघत जा हो. कल्याणच्या पुढे लोकल आधीच विरळ, एक चुकली की पुढचीला बराच वेळ. त्यात मेल-एक्सप्रेस पुढे काढायला आपली गाडी बाजूला उभी करतात. मी खर्डीहून कॉलेज केलं. दादरच्या मुलांना "घरी जायचंय" म्हणजे काय ते कळतच नाही. त्यांना वाटतं, ही टाळतेय.

ताई, आसनगाव स्टेशनपासून घर किती लांब?

जोशीकाकू_ठाणे

अगं, मैत्रिणी गाडीत मिळतात! मी तीस वर्षं नोकरीला ये-जा केली. आमच्या लेडीज डब्यात हळदीकुंकू व्हायचं, डोहाळजेवणं व्हायची, दसऱ्याला डबा सजायचा. भाजी निवडता निवडता एकमेकींची सुखदुःखं कळायची. माझ्या मुलीच्या लग्नात नातेवाइकांपेक्षा डब्यातल्या बायकाच पुढे होत्या. रोज एकाच डब्यात, एकाच दारापाशी चढ. महिन्याभरात जागा धरून ठेवतील तुझ्यासाठी.

निळीशाई

काकू, त्या आहेत. मावशी जागा देतात, डबाही देतात, मला त्यांची माया आहे. पण मला माझ्या वयाच्या, माझ्याच वर्गातल्या मैत्रिणी हव्या आहेत. प्रॅक्टिकलला टायट्रेशन चुकलं की जिच्याकडे बघून हसू येईल अशी.

दख्खनी_पास

अवांतर: गाडीतली मैत्री बघायची तर दख्खनच्या राणीचा पासधारकांचा डबा बघा. ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच डब्याने जाणारी घरं पुण्यात आहेत. लोकलमध्ये ती मजा नाही.

जोशीकाकू_ठाणे

लोकलमध्ये नाही कशी? चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला सुरू झाली, तिच्यातल्या बायकांना विचारा. बसायला जागा मिळाली म्हणजे मैत्री होते असं नाही, उभ्या उभ्या जास्त होते.

कोरडी_विहीर

धाग्यावर या. बॅच कसली?

साधी_पायवाट

मी वेगळं सांगते. ये-जाच बंद कर. वसतिगृहाची सोय बघ. अनुसूचित जातीतली असशील तर समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना आहे, आदिवासी असशील तर आदिवासी विकास विभागाची स्वयम योजना. दोन्हींत वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्यासाठी पैसे खात्यात येतात. अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, पण तो ठरावीक अभ्यासक्रमांना. अटी कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर विचार. शहापूर तालुक्यातल्या किती मुलींना हे माहीतच नसतं, म्हणून लिहिलं.

निळीशाई

माहिती चांगली आहे, माझ्या चुलतबहिणीला पाठवते. पण मला घर सोडायचं नाही. आजी आहे, तिला रात्री मी लागते. ही माझी निवड आहे, त्यावर चर्चा नको.

कसारा_स्लो, स्टेशनपासून गाव आत आहे. शेअर जीप असते, शेवटची साडेसातच्या सुमाराला. ती गेली की रिक्षावाला मागेल ते द्यायचं आणि घरून फोन सुरू.

कसारा_स्लो

हे पहिल्याच वेळी लिहायला हवं होतं. सगळं गणित त्या जीपवर आहे.

मोडी_लिपी

कॉलेज हे शिकायला असतं. तीन वर्षं मन लावून अभ्यास कर, मित्र नोकरीत मिळतील. आम्ही कुठे मैत्री करायला गेलो होतो?

साधी_पायवाट

मोडी_लिपी, तीव्र असहमत. पहिल्या वर्षी एकट्या पडलेल्या मुली कॉलेज सोडतात, हे मी शिकवताना बघितलं आहे. हुशार होत्या त्या. एक दिवस वर्गात येत नाहीत आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण विचारणारं कोणी नसतं. मैत्री हा अभ्यासाचाच भाग आहे.

मोडी_लिपी

मी अनुभव सांगितला. माझे सगळे जवळचे मित्र तिशीनंतरचे आहेत आणि ते चांगले आहेत.

बांधावरची_बाभूळ

एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) कोणीच लिहिलं नाही? १९६९ पासून चालू असलेली योजना आहे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. तास रविवारीही असतात हे खरं, आणि रविवारी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद), तेही कबूल. पण शिबिर धरून ठेव. त्या सात दिवसांत कोणालाच संध्याकाळी घरी जायचं नसतं. दादरची मुलगी आणि आसनगावची मुलगी एकाच सतरंजीवर झोपतात, एकाच चुलीवर भाकऱ्या करपवतात. मी विरारहून यायचो. पहिल्या वर्षी वर्गात माझं नाव कोणाला माहीत नव्हतं. शिबिरानंतर मुलं माझ्यासाठी कार्यक्रम दुपारी ठेवू लागली. एकदा त्यांना कळलं की आपण का जातो, की ती स्वतःच वाट काढतात.

निळीशाई

हे आवडलं. पण नावनोंदणी वर्षाच्या सुरुवातीला झाली. पुढच्या वर्षी नक्की. आत्ताचं सांगा.

कोरडी_विहीर

तिसऱ्यांदा विचारतो. शुक्रवारपर्यंत कसली बॅच?

निळीशाई

प्रॅक्टिकलची. लेक्चर साडेसातला सुरू, पावणेअकराला संपतात. 'अ' बॅचचं प्रॅक्टिकल लगेच अकराला, दीडच्या आत मोकळं. 'ब' बॅचचं एक ते साडेतीन. मी 'अ' लिहिणार होते, दुपारची गाडी रिकामी मिळते आणि चारच्या आत घरी. इनहाऊसवाल्या बहुतेक 'ब'मध्ये आहेत.

कोरडी_विहीर

मग उत्तर तिथेच आहे. 'ब' घे.

'अ' घेतलीस तर साडेसात ते दीड तू सलग बाकावर किंवा लॅबमध्ये, आणि बाकीच्यांचा मोकळा वेळ सुरू होतो तेव्हा तू दादरच्या पुलावर. 'ब' बॅचला पावणेअकरा ते एक सगळ्यांना थांबावंच लागतं. घरी जाऊन परत येण्याइतका वेळ नाही, म्हणून दादरची मुलगीसुद्धा तिथेच बसते. हे सव्वादोन तास म्हणजे तुझी संध्याकाळ. साडेतीनला निघालीस तर सहा-साडेसहाला आसनगाव, जीप मिळते. मी टिटवाळ्याहून इंजिनिअरिंग केलं. माझे जे दोन मित्र आजही आहेत ते अशाच दोन लेक्चरांमधल्या फटीत झाले.

कसारा_स्लो

सहमत, पण एक अडचण. साडेतीनचं प्रॅक्टिकल चारपर्यंत लांबतं आणि साडेचारनंतर दादरला कसारा गाडीत चढणं अवघड होतं. मॅडमना आधीच सांगून ठेव की तुला वेळेवर सही हवी. जर्नल (प्रॅक्टिकलची वही) त्याच दिवशी पूर्ण करून न्यायची सवय लाव, सही अडत नाही.

जोशीकाकू_ठाणे

रोज सहा-साडेसहा म्हणजे मुलीची दगदग किती. पहाटे कितीला उठते ती? जेवते का नीट? माझं ऐक, 'अ' घे आणि तब्येत सांभाळ.

कोरडी_विहीर

काकू, प्रॅक्टिकल रोज नसतं. आठवड्यातले काही दिवसच.

निळीशाई

हो, रोज नाही. बाकीच्या दिवशी लवकरच. पण सव्वादोन तास त्यांच्या ठरलेल्या टोळक्यात जाऊन बसायचं कसं? त्यांच्या गप्पा अकरावीच्या सरांवरून सुरू होतात. मला त्यातलं काही कळत नाही.

साधी_पायवाट

टोळक्यात जाऊ नकोस. एकीला गाठ. आणि काम घेऊन जा: "ग्राफ काढायला रीडिंग रूममध्ये बसतेस का?" प्रॅक्टिकलच्या जोड्या रोल नंबरवरून लागतात, म्हणजे तुझी जोडीदार तुझ्यासारखीच नशिबाने तिथे आलेली असते. तिच्यापासून सुरुवात कर. माझ्या वर्गात टिकलेल्या बहुतेक जोड्या जर्नलवरून सुरू झाल्या, वाढदिवसावरून नाही.

आणि नाही म्हणताना कारण सांग. नुसतं "जमणार नाही" म्हटलं की समोरच्याला वाटतं हिला यायचं नाही. "साडेसातला शेवटची जीप आहे, दुपारी करत असाल तर मी येते" एवढं पूर्ण वाक्य बोल.

कसारा_स्लो

आणखी एक. रेल्वे पासच्या कन्सेशनचा फॉर्म घ्यायला ऑफिसच्या खिडकीवर रांग लागते ना, तिथे उभी राहशील तेव्हा पुढच्या-मागच्यांच्या फॉर्मवर स्टेशन बघ. कोण कुठून येतं ते तिथेच कळतं. मला खडवलीचा मुलगा त्या रांगेत सापडला, तो माझ्याच वर्गात होता आणि मला पत्ताच नव्हता. घरून ये-जा करणारे सगळेच लवकर पळतात, म्हणून एकमेकांना दिसत नाहीत.

दख्खनी_पास

पास तीन महिन्यांचा काढ. दर महिन्याची रांग वाचते.

कसारा_स्लो

रांगेत उभं राहायला तर सांगतोय तिला!

बांधावरची_बाभूळ

आसनगावहून एसटी जाते का गावाकडे? मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे.

निळीशाई

एसटी शहापूरपर्यंत, गाव दुसऱ्या दिशेला. पण धन्यवाद.

'ब' लिहून दिली. वर्गाच्या ग्रुपवर "कल्याणच्या पुढून कोण येतं?" असं विचारलं. लगेच दोन हात वर आले, एक वांगणीची आणि एक आंबिवलीची. आंबिवलीची तर माझ्याच गाडीत असते, फक्त मधल्या लेडीज डब्यात. वांगणीची गाडी वेगळी, पण ती म्हणते कुर्ल्यापासून एकत्र येऊ. उद्या तिघी मोकळ्या वेळात स्पेक्ट्रमचा ग्राफ काढायला बसतोय.

जोडीदार मात्र इनहाऊस आहे आणि रविवारी तिचा वाढदिवस, रात्री आठला. तिला जीपचं पूर्ण वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" सोमवारी दुपारी कॅन्टीनला परत केक कापणार आहे म्हणाली. तिला काय द्यावं? दोनशेच्या आत सुचवा.

तिसरी_घंटा

नाटकाचं तिकीट दे. दुपारच्या प्रयोगाचं.

जोशीकाकू_ठाणे

घरचं काहीतरी ने. आजीच्या हातचं.

कोरडी_विहीर

तिला काय आवडतं ते लिही आधी.