गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतर ओपिऑइड कमी करावीत, पण वेदना कोणी मोजायची?

जागरण :
'गुडघा बदलल्यानंतर ओपिऑइड (मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामके) मुळीच लागत नाहीत. जो मागतो त्याची सहनशक्ती कमी,' हे येथे मांडलेले मत वाचून मला गप्प राहवत नाही. माझ्या आईचा गुडघा बदलला तेव्हा पहिला दिवस चांगला गेला, परंतु रात्री ब्लॉकचा (पायाची नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा) परिणाम उतरला आणि तिला कळवळताना पाहूनही 'हे औषध आम्ही टाळतो' एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी तिने व्यायामाला पाय हलवू दिला नाही, आणि गुडघा वाकला नाही तर शस्त्रक्रियेचा उपयोग काय?

भूलतज्ज्ञ :
'मुळीच' हा शब्द चुकीचा आहे, दिशा मात्र योग्य आहे. अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉकने (मांडीच्या मधल्या भागात दिलेल्या ब्लॉकने) वेदना कमी होते आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद जांघेत दिल्या जाणाऱ्या फीमोरल ब्लॉकपेक्षा बरीच टिकते, त्यामुळे रुग्ण लवकर उभा राहू शकतो. शल्यविशारद सांध्याभोवती भूल देणारे औषध टोचतात, आणि पॅरासिटामॉल व दाहशामक गोळ्या दुखू लागण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी दिल्या जातात. ओपिऑइड एवढे करूनही न भागलेल्या वेदनेसाठी राखून ठेवावे. आपल्या आईच्या बाबतीत त्रुटी ओपिऑइड कमी करण्यात नव्हती. ब्लॉक उतरण्यापूर्वी गोळ्या सुरू झाल्या नसाव्यात आणि राखीव औषधही दिले गेले नाही.

मुलगा :
माझ्या वडिलांना मॉर्फिन दिल्यावर ते आम्हाला ओळखेनासे झाले, नळ्या उपटू लागले, आणि पुढे बद्धकोष्ठाने हैराण झाले. ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांनी 'थोडेसे द्या' असे सहज म्हणू नये!

जागरण :
तुमच्या वडिलांचे हाल मी नाकारत नाही, पण न शमलेली वेदना आणि झोपमोड यांनीही वयस्कर माणसाला भ्रम होऊ शकतो, हे तुम्ही का वगळता?

फिजिओथेरपिस्ट :
मला दोन्ही बाजूंपेक्षा वेदना मोजण्याच्या त्या 0 ते 10 या आकड्याचा अधिक राग आहे. रुग्ण पाय लांब करून स्वस्थ पडलेला असताना विचारले की तो 2 सांगतो, तेवढेच कागदावर जाते आणि औषध कमी होते. मी गुडघा वाकवायला घेतला की तोच रुग्ण 8 म्हणतो, आणि तो आकडा कोणी लिहून घेत नाही. हालचालीच्या वेळची वेदना विचारा, पलंगावरून उतरता येते का, झोप लागते का, हे विचारा.

भूलतज्ज्ञ :
आकड्याचा इतिहासही विसरू नये. 1990 च्या दशकात अमेरिकेत वेदनेला (नाडी, श्वास, तापमान व रक्तदाब यांच्या जोडीने) 'पाचवे प्राणलक्षण' मानण्याचा आग्रह धरला गेला, आणि आकडा खाली आणण्याच्या या धडपडीने तेथे ओपिऑइडचा वापर वाढायला हातभार लावला, अशी टीका पुढे झाली. तुम्ही आकडे वाढवून मागत असाल तर त्याच वाटेने जाल.

फिजिओथेरपिस्ट :
मी आकडे वाढवून मागत नाही, ते योग्य वेळी विचारा असे म्हणतो. माझे म्हणणे वळवू नका. अमेरिकेतच सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या ओपिऑइडविषयीच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना इतक्या ताठरपणे राबवल्या गेल्या की काही रुग्णांची औषधे अचानक तोडली गेली, आणि 2022 मध्ये सुधारित सूचनांत या ताठरपणाविरुद्ध स्पष्ट लिहावे लागले. तो संदर्भ मुख्यतः दीर्घकालीन वेदनेचा होता, पण वृत्ती हीच.

एक मूत्रपिंडरुग्ण :
दाहशामक गोळ्या मला वर्ज्य आहेत. 'ओपिऑइडशिवाय' म्हणून जी यादी दिली जाते, तिच्यातील अर्धे आधार माझ्यासाठी आधीच निखळलेले असतात. पर्याय म्हणून गॅबापेंटिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध सुचवले गेले, पण त्याची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यानुसार कमी करावी लागते आणि वयस्करांत त्याने गुंगी व पडण्याचा धोका वाढतो, हे मलाच विचारून काढावे लागले.

भूलतज्ज्ञ :
हा आक्षेप मला मान्य करावाच लागेल. अशा रुग्णाला ब्लॉक अधिक काळ चालू ठेवणारी बारीक नळी घालता येते, आणि कमी मात्रेचे ओपिऑइड देणे त्याच्या बाबतीत गैर ठरत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीपासून ओपिऑइड घेणाऱ्यांची योजनाही वेगळीच आखावी लागते, कारण ते नंतरही दीर्घकाळ चालू राहण्याचा धोका त्यांच्यातच अधिक असतो.

मुलगा :
राखीव म्हणून, कमीत कमी मात्रेत आणि श्वासावर लक्ष ठेवून द्यायचे असेल तर माझा विरोध नाही. याहून अधिक मी मान्य करणार नाही. घरी पाठवताना मात्र गोळ्या मोजून द्या, त्या कधी बंद करायच्या ते लिहून द्या, आणि उरलेल्या परत घ्या.