एईडीच्या पेटीचं कुलूप

मीनाताई बी-४०२: परवा रात्री सी विंगला एकांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा जे झालं त्यावर कमिटी काही बोलणार आहे का? एईडीच्या (माणूस कोसळल्यावर हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या मशीनच्या) पेटीला कुलूप, किल्ली ऑफिसात, ऑफिस बंद. मशीन शोभेला घेतलंय?

सेक्रेटरी: ताई, पेटी उघडी होती तेव्हा मुलांनी छातीवर चिकटवायच्या पॅडचं पाकीट फोडलं, ते विसरलात. ठराव एकमताने झाला होता. तुमचीही सही आहे.

मीनाताई बी-४०२: सही पेटी बसवायला होती. कुलपाला नव्हती.

नानाकाका ए-१०१: 🙏 फॉरवर्डेड: एकटे असताना हृदयविकाराचा झटका आल्यास दर दोन सेकंदांनी खोल श्वास घेऊन जोरात खोका. १० जणांना पाठवा.

डॉक्टर बी-६०२: काका, कृपया हा मेसेज काढा. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते, ती खोकून उघडत नाही. आणि हृदयच थांबलं तर काही सेकंदांत शुद्ध जाते, मग खोकणार कसं? अमेरिकन हार्ट असोसिएशनसुद्धा हे करायला सांगत नाही. एकटे असाल तर आधी रुग्णवाहिकेला फोन, मग दाराची कडी काढा आणि तिथेच भिंतीला टेकून, गुडघे वर घेऊन बसा.

सी-२०३: पण ॲसिडिटी की झटका हे घरच्यांना कळणार कसं? परवा त्यातच पाऊण तास गेला.

सिस्टर ए-३०४: दुखणं बहुतेक वेळा छातीच्या मधोमध, आवळल्यासारखं किंवा ओझं ठेवल्यासारखं. माणूस बोटाने जागा दाखवत नाही, अख्खा तळहात छातीवर ठेवतो. मग हात, जबडा, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग. सोबत गार घाम, मळमळ. बायका, मधुमेही आणि म्हाताऱ्या माणसांत छाती दुखेलच असं नाही. नुसती धाप लागते किंवा एकाएकी गळून जायला होतं. बसून राहिल्यावरही पाच मिनिटांत थांबलं नाही तर फोन करायचा. ॲसिडिटीच्या औषधाने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, असं समजू नका.

सी-२०३: आणि ईसीजी नॉर्मल आला तर?

सिस्टर ए-३०४: पहिला नॉर्मल येऊ शकतो. दुखणं चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर सुटणारं प्रथिन) रक्तात वाढायला वेळ लागतो, म्हणून दुसरा नमुना घेतात. रुग्णालयाच्या दारात पोचल्यापासून १० मिनिटांत पहिला ईसीजी व्हायला हवा. नाही झाला तर नम्रपणे पण ठाम मागा.

नानाकाका ए-१०१: 🙏 फॉरवर्डेड: एकटे असताना हृदयविकाराचा झटका…

सेक्रेटरी: काका, डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं ना!

नानाकाका ए-१०१: चांगल्या हेतूने टाकलं. वयाचा तरी मान ठेवा.

मीनाताई बी-४०२: कुलपाचं काय?

डी-५०१: घरात सॉर्बिट्रेट (हृदयाच्या दुखण्यावरची गोळी) आहे, ती जिभेखाली द्यायची ना?

डॉक्टर बी-६०२: ज्याला लिहून दिली आहे त्यालाच. वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल किंवा २४ तासांत सिल्डेनाफिल, ४८ तासांत टाडालाफिल (पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्या) घेतलं असेल, तर ती रक्तदाब धोकादायक पाडते. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम, चावून; आवरणाची गोळी अख्खी गिळली तर विरघळायला फार वेळ जातो. ॲलर्जी, चालू रक्तस्राव, किंवा तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं असेल तर द्यायची नाही. गोळी शोधण्यात फोन राहू देऊ नका.

मीनाताई बी-४०२: फोन वेळेत केला तरी रुग्णवाहिका गेटाबाहेरच अडकली. वळणावर गाडी कोणाची होती सगळ्यांना माहीत आहे.

डी-३०२: नाव घेऊन बोला. माझ्या जागेत पाहुणे गाडी लावतात तेव्हा कमिटी कुठे असते?

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय वेगळा घेऊ. प्लीज.

सिस्टर ए-३०४: वेगळा नाही हो. बंद नळीचा (रक्तवाहिनीचा) प्रत्येक मिनिट हृदयाचा स्नायू मारतो. एकाने गेटवर थांबायचं, एकाने लिफ्ट धरून ठेवायची. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं बसत नाही, तेव्हा खुर्चीत बसवून खाली आणा. जिना चालवत उतरवू नका.

सी-२०३: आणि माणूस कोसळला तर?

डॉक्टर बी-६०२: हाक मारून, खांदे हलवून बघा. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. अधूनमधून घेतलेले आचके म्हणजे श्वास नव्हे. लोक तिथेच फसतात आणि वाट बघत बसतात. पलंगावरून जमिनीवर घ्या, गादी दाब खाते. छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात, कोपर ताठ, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला, थकल्यावर दाब उथळ होतो. मशीन आलं की छाती पुसून एक पॅड उजव्या हंसळीखाली, दुसरं डाव्या काखेखाली. विनाउपचार एकेक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. कुलपाचा हिशेब त्यावर करा.

डी-५०१: वेग म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या ड्रिलिंगसारखा का? 😄

डी-४०१: काम परवानगी घेऊन चालू आहे.

डॉक्टर बी-६०२: सेकंदाला जवळजवळ दोन. तोंडाने मोजा.

सी-२०३: पण परवा झटका आला त्यांची ट्रेडमिल टेस्ट दोनच महिन्यांपूर्वी नॉर्मल होती!

डॉक्टर बी-६०२: ती टेस्ट मुख्यतः नळी खूप अरुंद झाली असेल तर पकडते. कमी अरुंद जागेचा चरबीचा थर फाटला तरी वर गुठळी बसते आणि नळी बंद होते. म्हणून रक्तदाब, साखर, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) सतत ताब्यात हवेत, तंबाखू पूर्ण बंद, आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं. सुरू असलेली स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी) किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून सोडू नका. स्टेंट असेल तर मुळीच नाही. आणि आजार नसताना रोज ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका, पोटात रक्तस्राव होतो.

मीनाताई बी-४०२: कुलूप?

सेक्रेटरी: काढलं. फोटो टाकतो. आता ओढलं की तुटणारं सील आणि झाकण उघडताच वाजणारा भोंगा बसवू. मशीन तयार असल्याचा हिरवा दिवा वॉचमन रोज बघून वहीत लिहील.

सिस्टर ए-३०४: पॅडवरची तारीखही लिहा, जेल सुकलं की चिकटत नाहीत. पेटीत टॉवेल, कात्री, रेझर ठेवा. दाट केसांवर पॅड नीट बसत नाही.

सेक्रेटरी: रविवारी १० वाजता क्लबहाउसमध्ये सीपीआरचा सराव. डॉक्टर आणि सिस्टर शिकवतील. वॉचमनच्या दोन्ही पाळ्या येणार. गुडघ्यावर बसता येईल असे कपडे घाला.

नानाकाका ए-१०१: मी येतो. जमिनीवर बसता येत नाही, मिनिटं मोजीन.