नेगेवची शेती: श्रेय ठिबकला की नळाला?

मातकट: इस्रायलच्या दक्षिणेतल्या नेगेव वाळवंटातल्या ज्यू वस्त्यांचा विषय निघाला की लोक आधी ठिबकचं नाव घेतात. मला हे पटत नाही. 5 ऑक्टोबर 1946 ला योम किप्पूर हा ज्यूंचा उपवासाचा दिवस संपला आणि त्या एका रात्रीत नेगेवमध्ये 11 वस्त्या उभ्या राहिल्या. हात्झेरीम त्यातलीच. नेताफिम ही ठिबकची कंपनी तिथे निघाली 1965 ला. मधली 19 वर्षं शेती झाली ती नळाच्या पाण्यावर. 1947 मध्ये नीर-अम या वस्तीच्या विहिरींपासून सहा इंची पोलादी नळ टाकला, आखणी पाण्याचे अभियंते सिम्हा ब्लास यांची.

त्याहून अवघड काम मातीचं होतं. हात्झेरीमची जमीन क्षारांनी इतकी बिघडलेली की 1959 च्या सुमारास जागाच सोडायची वेळ आली होती. चोपण जमिनीत सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि पाणी वरच थांबतं. अशा जमिनीला आधी जिप्सम द्यावं लागतं. त्यातल्या कॅल्शियमने सोडियम हटवला की भरपूर पाणी देऊन तो मुळांच्या खाली उतरवायचा. नुसतं गोडं पाणी ओतलं तर माती आणखी आवळते.

ओहोळ: नळ म्हणजे उत्तरेचं पाणी दक्षिणेत. त्याला वाळवंटातली शेती कशी म्हणायची? ती बघायची तर नेगेवमधल्याच अवदात या प्राचीन नगराच्या जागी. 1950 च्या दशकाच्या शेवटी वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाएल एवेनारी यांनी तिथली नबाती या प्राचीन अरब लोकांच्या काळातली शेतं पुन्हा उभी केली. पाऊस वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर. पण तिथली लोएस, म्हणजे वाऱ्याने आणलेली बारीक माती पहिल्याच सरीत पापुद्रा धरते, पाणी मुरायच्या ऐवजी पळतं. 20 ते 30 हेक्टर उताराचं पाणी एका हेक्टरात घ्यायचं, दगडी तालींमागे अडवायचं. सांडवा फार खाली ठेवला तर जमीन पुरेशी भिजत नाही, फार वर ठेवला तर मोठ्या पुरात तालच जाते.

मातकट: एका हेक्टरासाठी 25 हेक्टर उतार मोकळा ठेवून किती कुटुंबं जगतील? कोरड्या वर्षी तर पूरही येत नाही. नेगेवमधल्याच रेवीवीम वस्तीने 1943 पासून पुराचं पाणी अडवायचे प्रयोग केले, तरी वस्ती स्थिर व्हायला नळच लागला.

लॅटरल: दोघेही ठिबकला कमी लेखताय. तुषार सिंचनात खारं पाणी पानांवर पडून पानं करपतात. ठिबकने तेच पाणी मुळाशी जातं आणि क्षार भिजलेल्या मातीच्या गोळ्याच्या कडेला ढकलले जातात. ओळीच्या दोन्ही बाजूंना पांढरी कड दिसते ती हीच. आता यातली मेख: पहिला हलका पाऊस ही कड विरघळवून परत मुळांकडे आणतो. म्हणून पाऊस चालू असतानाही ठिबक चालू ठेवायचं. ‘पाऊस आलाय, पाणी बंद करा’ म्हणणारा तिथे पीक घालवतो. रेवीवीमच्या ऑलिव्ह बागा खाऱ्या पाण्यावर उभ्या आहेत, नुसत्या नळाने ते साधलं नसतं.

बार्ली: तिघांच्या लिहिण्यात एक माणूसच नाही. नेगेव रिकामं नव्हतं. बदाऊन (बेदुइन) अरब लोक हिवाळी पावसावर बार्ली घेत, जमिनीखालच्या टाक्यांत पाणी साठवत. 1948 पूर्वी ते 65 ते 90 हजार होते, युद्धानंतर उरले सुमारे 11 हजार. त्यांनाही बेरशेबाच्या ईशान्येच्या पट्ट्यात कोंडलं आणि 1966 पर्यंत लष्करी अंमलाखाली ठेवलं. ऑटोमन आणि ब्रिटिश काळातल्या ‘मृत’, म्हणजे पडीक जमिनीच्या कायद्यांच्या आधारे त्यांचे हक्क नाकारले गेले. पेरलेली जमीन मृत कशी?

मातकट: हे मान्य, मी ते सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. बार्लीला नळ लागत नाही, आणि त्या लोकांना कुठल्या ओहोळात पाणी कधी येतं हे ठाऊक होतं. तरी @लॅटरल, तुमचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारत नाही. ठिबकने क्षार कडेला जातात, जमिनीतून जात नाहीत. ते खाली धुवायला जादा पाणी लागतंच, आणि ते पुन्हा नळातूनच येतं.