आण्णांच्या माघारी: घरखर्च, वारसनोंद आणि एक बाळू

आठवी_गल्ली
काल घरफाळ्याचं बिल आलं. नाव आण्णांचं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सिटी सर्व्हेला प्रॉपर्टी कार्डावर आमची नावं कधीच लागलीत, पण महापालिकेच्या घरफाळ्याला वेगळा अर्ज द्यायला लागतो हे कुणी मनावरच घेतलं नाही. आई बिल हातात घेऊन म्हणाली, "बघ, अजून तेच भरायलेत." ते ठेवायला कपाट उघडलं तर आण्णांची डायरी हाताला लागली. मग काय, रात्री झोपच नाही.

आण्णा गेले महिन्याच्या २२ तारखेला. पेन्शन व्हायला आठ दिवस होते. घरात रोख म्हणजे आईच्या मेथकुटाच्या डब्यात साडेतीन हजार आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात ११०. पंचगंगेच्या स्मशानात पैसे लागत नाहीत, शेणी महापालिकाच देते. पण पुढं रक्षाविसर्जन, आल्यागेल्याचा चहा, दिवसकार्याचं जेवण हे थांबतंय होय? भाऊ आमचा प्रामाणिक. चौथ्या दिवशीच बँकेत जाऊन सांगून आला. खातं तिथल्या तिथं बंद. आणि लाईट बिल, गॅस, आईच्या बीपीच्या गोळ्या सगळं त्याच खात्यावर.

काका म्हणाले, एटीएम कार्ड आहे, पिन ठाऊक आहे, काढ की. त्याआधीच, तिसऱ्या दिवशी, कार्ड घेऊन मशीनपर्यंत गेलो होतो. मग ध्यानात आलं की पैसे काढल्याचा मेसेज त्यांच्याच मोबाईलला जाणार, आणि तो मोबाईल घरी आईच्या उशाला. आलो परत.

चार महिने घर माझ्या भिशीवर चाललं. गल्लीतल्या बायकांची, बारा जणींची. माझा नंबर त्या महिन्यात लागला. कसलं नशीब म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो होतो. दोन वर्षांनी कळलं की त्या दिवशी डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं.

तर ती डायरी. लाल पुठ्ठा, वरनं रबर. दूध १ लि., केस ६०, मंडई २४०, देवळात ११. शेवटच्या लिहिलेल्या पानावर एकच ओळ: "बाळू २०००." दिले का घेतले काही नाही.

तुमच्याकडं घर कसं चाललं त्या दिवसांत? लिहा काय आठवेल ते.

मोरेवाडीकर
चिठ्ठ्यांचं वाचून ऑफिसात डोळ्यात पाणी आलं हो. नंतर सविस्तर लिहितो.

पार्ल्याची_सून
एक शंका, राग मानू नका. "गेलो", "सांगत सुटलो" लिहिलंय आणि बायकांची भिशी पण म्हणताय. तुम्ही ताई की दादा?

आठवी_गल्ली
ताईच. कोल्हापूरची आहे, आम्ही "गेलो"च म्हणतो.

पार्ल्याची_सून
अय्या, माझी सासू पण! लग्न झाल्यावर पहिल्यांदा "मी आंघोळीला चाललो" ऐकलं आणि दचकून मागं बघितलं, सासरे आले की काय.

उसाचं_टिपरू
आमचं शिरोळ तालुक्यात. तात्या गेले तवा ऊस तोडीला आलेला. कारखान्याला नोंद तात्यांच्या नावची, सोसायटीचं पीककर्ज तात्यांच्या नावचं, बिल जाणार तात्यांच्या खात्यावर, आन खातं बंद. ऊस काय वारसनोंदीची वाट बघत न्हाई. टोळी आली की कोयता लागला.

तलाठ्याकडं गेलो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पर गावात तलाठीच. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज. मग फेरफार धरणार, नोटीस काढणार, १५ दिवस कुणाची हरकत आली न्हाई तर मंडल अधिकारी सही करणार. कागदावर १५ दिवस. आमाला साडेतीन म्हैनं लागलं, कारण दाखल्यावर नाव "रामचंद्र" आन सातबाऱ्यावर "रामू". माणूस एकच हाय ह्ये शाबीत करायला आमी गावभर सह्या गोळा केल्या.

तिकडं सोसायटीची मुदत आली. वेळेत भरलं तर तीन लाखापर्यंत बिनव्याजी, न्हाईतर व्याज बसतंय. ऊसबिल अडकल्यालं. एक म्हैस इकली.

घर तगलं दुसऱ्या म्हशीवर. धा दिसाला दुधाचं बिल, त्यातनं किराणा, त्यातनं पोरांची फी. डेअरीचं पुस्तक आईच्या नावचं हुतं. तात्यांनी शहाणपणा म्हणून केलं नव्हतं, सोसायटी दुधाच्या बिलातनं कर्ज वळतं करंल म्हणून आईचं नाव लावलं हुतं. बाप चुकून उपयोगी पडला बघा.

बावडेकरीण
"बाप चुकून उपयोगी पडला" 😂😂 आमच्यात पण हेच. वडिलांनी टॅक्स वाचवायला म्हणून आईच्या नावावर ठेव ठेवलेली, शेवटी तीच कामी आली.

उसाचं_टिपरू
अजून एक ऱ्हायलं. जमीन वाटली, विहिरीची पाळी वाटली, मोटर सुदिक सामाईक झाली. भांडान कशावर? कारखान्याच्या शेअरवर. शेअर एक, भाऊ दोन. सभासदाची सवलतीची साखर कुणी उचलायची? दोन दिवाळ्या आमच्या घरात साखर उचललीच न्हाई कुणी. लाडू केलं ते दुकानातली साखर आणून.

मोरेवाडीकर
दोन दिवाळ्या! नाद खुळा.

माहेरची_वाट
इथं बहिणींचं कुणी बोलायला नाही वाटतं. मी बोलते. वडील गेल्यावर सव्वा महिन्यात दादाचा फोन, "रजिस्टर ऑफिसला ये, जरा सही हाय." हक्कसोडपत्र होतं. बाहेर टायपिंगवाल्याच्या टेबलाशी उभं राहून वाचलं. लिहिलं होतं, "मी राजीखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय". वैनी शेजारीच उभी होती, पिशवीत साडी घेऊन. सही केली, अंगठा दिला, फोटो निघाला. साडी चिंतामणी रंगाची. अजून घडी मोडलेली नाही.

लक्ष्मीपुरी_७७
मी नाही केली सही. कायदा १९५६ पासून मुलीला वडिलांच्या वाट्यात हिस्सा देतो, वडिलोपार्जित मिळकतीत तर महाराष्ट्रानं १९९४ लाच बदल केला आणि देशभर २००५ ला झाला. २०२० ला सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं, वडील २००५ ला हयात असायलाच पाहिजेत असं नाही. सगळं माझ्या बाजूनं. तीन वर्षं झाली, गणपतीला बोलावणं नाही. मोदक मी माझ्या घरी करते, एकवीसच्या एकवीस, आणि खायला आम्ही दोघं.

माहेरची_वाट
@लक्ष्मीपुरी_७७ मला बोलावतात. जाते. तुमचं बरं की माझं, खरंच कळत नाही.

लक्ष्मीपुरी_७७
तुम्ही कधी इकडं आलात तर या. मोदक उरतात.

काळा_कोट
व्यवसायानं वकील, म्हणून थोडं कोरडं लिहितो. पहिलं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याच्या हातात पैसे येतात, ते वारसांसाठी. शेअर्सच्या बाबतीत पण सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच धरलं. "नॉमिनी मी आहे, तुला काय संबंध" म्हणणारे भाऊ माझ्याकडं आठवड्याला दोन येतात. दुसरं, बँका सरसकट वारस दाखला आणा म्हणून कोर्टात पिटाळायच्या. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढलेत. नॉमिनी असेल किंवा खात्यावर "मागं राहील त्याला" (सर्व्हायव्हर) अशा अटीनं दुसरं नाव असेल तर दाखला मागायचा नाही. नॉमिनी नसेल, मृत्युपत्र नाही आणि वारसांत वाद नाही, तर १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, साध्या कागदांवर दावा निकाली काढायचा. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत. हे छापून खिशात ठेवा, काउंटरवर उपयोगी पडतं. तिसरं, १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात. आजच आईवडिलांची पासबुकं काढून बघा.

चौथं, तलाठ्याकडं वारसनोंद झाली म्हणजे वाटणी झाली असं समजू नका. ती फक्त नोंद.

मोरेवाडीकर
वकीलसाहेब, आता हायकोर्टाचं सर्किट बेंच पण कोल्हापुरात आलंय. भांडायला मुंबईला जायचा खर्च वाचला.

काळा_कोट
चाळीसएक वर्षं आंदोलन केलं ते तुमच्या भावकीसाठी नाही हो. (थोडंसं होतं.)

हिंजवडीतला_बावड्याचा
सगळ्यांना एकच सांगतो. सिम बंद पडू देऊ नका!!! बाबा गेले, मी पुण्यात, फोन आईकडं. रिचार्ज संपलं, कुणाच्या लक्षात नाही, नंबर गेला. नंतर विम्याचं बघायला गेलो तर ओटीपी त्या नंबरवर. गॅस त्या नंबरवर. इन्कमटॅक्सच्या साइटवर पण तोच नंबर. त्यांचं त्या वर्षीचं रिटर्न वारस म्हणून मला भरायचं होतं, ते भरायला लागतंच, गेलेल्या माणसाचं पण, गेलेल्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं. वारस म्हणून नोंद करून भरलं. १४ हजार रिफंड आला. आई म्हणाली, "गेल्यावर पण कमावतोय माणूस."

बाकी खर्चाचं काय, माझ्या पगारातनं जायचं, पण आई हात पसरणार नाही हो. दर महिन्याला "काही नको, आहेत" म्हणायची. एकदा सुट्टीत आलो तर देवासमोर निरांजन नाही, नुसती उदबत्ती. तेल वाचवत होती. मग मी वाण्यालाच पैसे द्यायला लागलो आणि त्याला सांगितलं, बाबांचे जुने ॲडव्हान्स आहेत म्हणून सांगा. दोन वर्षं चाललं. आईला माहीत होतं असं वाटतं. विचारलं नाही.

बावडेकरीण
बावड्यात कुठं तुम्ही? मी लाइन बझारजवळ.

हिंजवडीतला_बावड्याचा
अहो मग जवळच. ते कोपऱ्यावरचे वडेवाले आहेत का अजून?

बावडेकरीण
आहेत. वडा लहान झालाय, रांग मोठी.

तांदळाची_भाकरी
आमच्या आईच्या नऊवारीच्या घड्यांत नोटा सापडल्या. ५०० च्या ३१. जुन्या! नोटाबंदीच्या वेळी विचारलं होतं, आई काही ठेवलंस का. "माझ्याकडं कुठले रे." साडेपंधरा हजार. थोरला म्हणाला आठवण म्हणून ठेवू. मेव्हणा म्हणाला दहापेक्षा जास्त जवळ ठेवल्या तर दंड आहे. मग आम्ही तिघा भावंडांनी दहा दहा वाटून घेतल्या. एक उरली ती देवाच्या पोथीत. आईच्या इस्टेटीची एवढीच वाटणी झाली, आणि एकदम समान.

आठवी_गल्ली
😂 वकीलसाहेब, हे कायदेशीर आहे का?

काळा_कोट
मी काही वाचलं नाही.

गुजरीतला_बोळ
आमच्याकडं आजीचा गळ्यातला सोन्याचा कोल्हापुरी साज. एकवीस पानांचा, जुना. आई गेल्यावर बहिणी तीन. साज कसा वाटणार? एक बहीण म्हणाली, सात सात पानं घेऊ. गुजरीतले म्हातारे सोनार, त्यांनी साज हातात घेतला, जोंधळी मणी बोटानं फिरवले आणि म्हणाले, "मी मोडणार नाही, दुसरीकडं न्या." दुसरीकडं नेला नाही. आता वर्षाला एकीकडं. ज्या वर्षी जिच्याकडं, त्या वर्षी तिच्या घरात लग्न निघतंच असं म्हणतात, आणि जिच्याकडं नसतो ती कार्यात येऊन गळ्याकडंच बघत बसते. लॉकरचं भाडं पण वर्षाला एकीनं भरायचं ठरलं होतं. ते मात्र मीच भरतो.

पार्ल्याची_सून
पेन्शनचं कुणी लिहिलं नाही म्हणून. सासऱ्यांच्या जाण्याचं पेन्शन खात्याला उशिरा कळवलं, दोन महिने पेन्शन जमा झाली, आम्ही खर्चली. पुढं सासूबाईंच्या फॅमिली पेन्शनमधून वळती झाली. आधी कळवलेलं बरं, ताईंच्या भावासारखं. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला. पहिल्या वर्षी सासूबाई मशीनवर अंगठा ठेवून विचारत होत्या, "म्हणजे मी जिवंत आहे हे ह्याला पटलं का?"

मोरेवाडीकर
सविस्तर लिहिणार होतो, पण आमच्यात फार काही नाही. वडिलांवर उधारीच जास्त. बाराव्याच्या आधी तिघं येऊन म्हणाले, तुमच्या वडिलांनी घेतले होते. कागद एकाकडंपण नाही. आईनं तिघांनाही दिले, थोडे थोडे करून, दीड वर्ष. मी भांडलो, फसवायलेत म्हणून. आई म्हणाली, त्यातला एक जरी खरा असला तर? अजून मला राग येतो त्या दोघांचा. किंवा तिघांचा.

उसाचं_टिपरू
ताई, त्या बाळूचं काय झालं?

आठवी_गल्ली
गल्लीत चार बाळू. एक रिक्षावाला, एक तालमीतला, एक आण्णांच्या ऑफिसातला शिपाई, आणि सायकलवाला बाळू. आई म्हणते सायकलवालाच, त्याच्या मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी काहीतरी झालं होतं. म्हणजे दिलेच असणार.

मोरेवाडीकर
विचारायला जाऊ नका, गेले समजा.

बावडेकरीण
पण घेतले असतील तर??

आठवी_गल्ली
तेच डोक्यात होतं. आज घरफाळ्याचा अर्ज देऊन आलो आणि येता येता त्याच्या दुकानावर थांबलो. पंक्चर काढत होता. मी म्हटलं, बाळूमामा, आण्णांचा आणि तुमचा दोन हजाराचा काही हिशेब होता काय? त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघितले, पुसली. म्हणाला, "होता. पण मी दिलंत का त्यांनी, आता आठवंना." मग चहा सांगितला. दोन कटिंग. पैसे देऊ दिले नाहीत.

उसाचं_टिपरू
लिहून ठेवा डायरीत, चहा २.
चला, धारंचा टाइम झाला.